औसतीची जत्रा

माझ्या आईचे मामा उकंडराव यांनी आयुष्यात एकच नोकरी केली. तीही जेमतेम दीड वर्ष. ती एका फुकटच्या भांडणात गेली, असं आमच्या घरात आजही बोललं जातं, आणि ते ऐकलं की माझं डोकं तापतं. भांडण फुकटचं नव्हतं. बोलणाऱ्यांना आकडे वाचायचा कंटाळा आहे, एवढंच.

मामांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथं जगावं म्हणून त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं, म्हणजे मरणालाही ते नकोसं वाटावं, आणि नाव ठेवलं उकंडा. आमच्याकडे अशी नावं घरोघर असत. पण शेतकऱ्याचं हे पोरगं हिंगोलीला मदरशात उर्दू शिकलं, पहिल्या नंबरानं पास झालं आणि कनेरगाव नाक्यावर मोजणीला लागलं, तेव्हा कचेरीतल्या मुन्शी लोकांना ते नाव हजेरीत पुकारताना भलती मजा यायची. मामा मात्र ठणकावून ‘हाजिर’ म्हणायचे. लाजायचं काम त्यांना कधी जमलंच नाही.

कनेरगावला तेव्हा खराखुरा नाका होता. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. वाशीमचा माणूस बैलगाडी जुंपून सकाळी निघाला की दुपारी तो परमुलखात पोचायचा, आणि आमच्या दफ्तरात ‘परमुलखी मुसाफिर’ म्हणून त्याची नोंद व्हायची. मग त्याची सख्खी बहीण का हिंगोलीत दिलेली असेना! १९४८ सालच्या पावसाळ्याच्या शेवटी निजामी संपली, नाक्याचा आडवा बांबू कुणीतरी गुरांच्या गोठ्याला नेऊन लावला, आणि ही सगळी परकी माणसं एका दिवसात आपली झाली. तोवर ती मोजली जात होती. रेल्वेनं येणारे स्टेशनावर मोजले जात. सडकेनं येणारे मामांच्या वाट्याला.

मोजायचं कारण साधं होतं. यातले निम्म्याहून जास्त लोक औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचे. कोणत्या महिन्यात किती माणूस येतं ते कळलं, तर वाटेवर पाण्याच्या पखाली किती ठेवायच्या आणि धर्मशाळा कधी झाडून घ्यायच्या ते ठरवता यायचं. हिंगोलीच्या कचेरीतून छापील तक्ता यायचा. त्यात बारा फसली महिने, आजूर, दै, बहमन असे उभे, आणि ‘मागील सालच्या त्याच महिन्याशी तुलना’ असा शेवटचा रकाना. फसली महिने सूर्यावर चालत, दर वर्षी त्याच हंगामात येत. सरकारचा सगळा कारभार त्यावरच होता.

‘विलायती’ असाही एक रकाना होता. पहिल्या साली मामांनी त्यात दोन आकडा भरला. एक गोरा साहेब आणि त्याची मडम. कचेरीनं विचारलं, विलायती मुसाफिर साधारण कोणत्या मोसमात येतात आणि महिन्याचा औसत काय? औसत म्हणजे सरासरी. मामांनी उत्तर लिहिलं, ‘मोटारीचं टायर फुटलं म्हणजे येतात. औसत दरमहा एक साहेबाचा सहावा हिस्सा. टोपीकडचा समजावा की बुटाकडचा, ते कचेरीनं कळवावं.’

हे उत्तर ज्यांच्या टेबलावर गेलं ते हिंगोलीचे मोठे कारकून विष्णुपंत. हुशार माणूस, अक्षर मोत्यासारखं, आणि विनोदाशी उभं वैर. त्यांनी कागद फायलीला लावला आणि मामांचं नाव लक्षात ठेवलं.

त्यानंतर फसली १३४६ उजाडलं, म्हणजे १९३६-३७. मामांचं मोजणीचं दुसरं साल. आदल्या साली फरवर्दी महिन्यात, म्हणजे साधारण फेब्रुवारीत, सहा हजार एकशे चाळीस माणसं नाक्यावरून आत आली होती. या साली त्याच फरवर्दीत आली सातशे वीस. आणि त्याच्या पुढच्या उर्दीबेहश्तमध्ये, जिथं आदल्या साली सहाशे दहाच होती, तिथं एकदम सहा हजार तीनशे नव्वद. शेवटच्या रकान्यानं बोंब मारली. विष्णुपंतांनी टांगा जुंपला आणि स्वतः नाक्यावर आले.

त्यांचा निष्कर्ष तयारच होता. “फरवर्दीत तुम्ही झोपा काढल्या, उकंडराव. मागाहून भीती वाटली, तेव्हा उर्दीबेहश्तमध्ये साडेपाच हजार खोटी माणसं भरून टाकलीत. वर्षाची बेरीज जुळवलीत. होय ना?”

“न्हाई,” मामा म्हणाले. “फरवर्दीत माणसं आली न्हाईत, म्हून लिवली न्हाईत. मंग आली, म्हून लिवली.”

“दोन सालांचा औसत काढला तर दोन्ही महिन्यांत साडेतीन साडेतीन हजार पडतात. खरी आवक तशी असायला हवी.”

“साडेतीन हजाराची जत्रा कोन्या साली भरलती, पंत? तुमच्या औसतीची जत्रा आजवर कुनी डोळ्यानं पाह्यली न्हाई. सहा हजार येतात न्हाईतर सातशे येतात. या औसतीवर चालले त पुढच्या साली दोन महिने अर्ध्या जत्रेचंच पानी ठिवाल. जे खरे येतील ते तहानेले जातील.”

मग त्यांनी मुद्दा सांगितला, आणि तो इतका सरळ होता की मला आजही कळत नाही, भांडायला जागा कुठं उरली होती. माणसं फरवर्दी पाहून येत नाहीत, शिवरात्र पाहून येतात. शिवरात्र चंद्रावर चालते. त्या दोन शिवरात्रींच्या मधे अधिक भाद्रपद आला, एक महिना जास्तीचा, म्हणून शिवरात्र फेब्रुवारीतून मार्चात गेली. फरवर्दीतून उठून उर्दीबेहश्तमध्ये जाऊन बसली. “माघ वद्य नवमी ते अमावस्या, हे सात दिवस धरा. आदल्या साली पाच हजार चारशे ऐंशी माणूस. औंदा पाच हजार सहाशे दहा. फरक सव्वाशाचा. यात झोप कुठं आली, सांगा बरं?”

विष्णुपंतांनी छापील तक्ता पुन्हा पुढ्यात ओढला. घरी हा माणूस पंचांग पाहिल्याशिवाय हजामत करत नसे. त्यांना अधिक महिना माहीत नव्हता, असं कोण म्हणेल? पण कचेरीत शिरताना ते पंचांग बाहेर पायताणांपाशी ठेवत असावेत. शेवटी म्हणाले, “तक्त्यात तिथीचा रकाना नाही.”

“मंग आखा की. पट्टी हाय, दौत हाय.”

“छापील तक्त्यात रेघ ओढायला मला वरून हुकूम लागतो. आणि खोटी नोंद सापडली, असा शेरा मी आधीच वर पाठवला आहे. आता तुम्ही एक करा. ‘नोंद चुकीची झाली, माफी असावी,’ एवढं लिहून सही द्या. नोकरी राहील. मी सांभाळून घेईन.”

विष्णुपंतांचं खरं दुखणं इथं होतं. शेरा गेला होता. तो मागं घ्यायचा म्हणजे स्वतःची चूक वर कळवायची, त्यापेक्षा नाक्यावरच्या एका उकंड्याची सही सोपी. पंतांनी पुढं सरकवलेला कोरा कागद मामांनी दोन बोटांनी उचलला आणि त्यांच्यापुढं परत ठेवला.

“काहून सही करू? माणसं आलती. मी मोजली.”

पंधरा दिवसांनी त्यांना कमी केल्याचा हुकूम आला.

गोजरबाई मामी, म्हणजे मामांची बायको, त्या दिवशी काय काय बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पण तिचा खरा राग पुढं आठवड्यानं आला. तिनं घराची पुढची भिंत नुकतीच पांढऱ्या मातीनं सारवली होती. मामांनी तिच्यावर गेरूनं उभे पट्टे ओढायला घेतले. एक बोट उंची म्हणजे शंभर माणूस. वरच्या ओळीत फसली महिने. त्यात फरवर्दीचा पट्टा एका साली छपराला टेकायला निघालेला, दुसऱ्या साली ढेकळाएवढा. खालच्या ओळीत तेच आकडे तिथीप्रमाणं मांडलेले, आणि तिथं दोन्ही सालचे पट्टे खांद्याला खांदा लावून उभे. श्रावणी सोमवारांचे बुटके पट्टे अजून एकाच सालचे, पण वऱ्हाडातली कापसाची वेचणी संपल्यावर येणाऱ्या पाहुण्यारावळ्यांचे तसेच जोडीनं. येणाऱ्याजाणाऱ्याला मामा दारात थांबवून भिंत दाखवायचे.

“लोकायच्या भिंतीवर गौराई काढतात,” मामी म्हणायची, “माझ्या भिंतीवर वाशीमचे लोक हायेत. बरं, नौकरी गेली म्हून कुनी इचारलं तर काय सांगू? नवरा भिंत रंगवून राहिला?”

“सांग, नवरा खरा हाय.”

“खरा हाय त चार एकराच्या शेतात खरा होऊन दाखव!”

शेत ते करायचेच. पण शिवरात्रीचे ते सात दिवस, श्रावणातले सोमवार आणि महिन्यातले ठरावीक आठ दिवस ते नाक्यासमोरच्या लिंबाखाली घोंगडी टाकून बसायचे आणि वही उघडायचे. शिपायानं एकदा हटकलं. मामा म्हणाले, “सडक सरकारची, झाड गावाचं. डोळे माझे. यातलं काय जप्त करतोस, कर.” शिपाई हसला आणि तंबाखू मागून घेऊन गेला.

आता दैवाची थट्टा पाहा. पुढची दोन वर्षं शिवरात्र पुन्हा फरवर्दीतच आली. ती तशी येणारच होती, भिंतीवर मामांनी आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांच्या जागी नेमसिंग नावाचा गरीब, पापभीरू माणूस आला होता. त्यानं इमानानं मोजलं आणि फरवर्दीचा आकडा पुन्हा सहा हजारांच्या घरात गेला. कचेरीत आनंदीआनंद. पंतांनी शेरा मारला की माणूस बदलताच आकडे सुधारले! कनेरगावातही बोलणं सुरू झालं. ज्यांना दारात थांबवून भिंत दाखवली होती, तेच आता मामांना पाहून ‘औंदा किती जण झोपेत मोजले?’ विचारायचे. मामीच्या माहेरी तर ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत निघाली. ती उठून घरी आली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मामांशी एक शब्दही बोलली नाही. मामांना त्या दोन वर्षांचं फार लागलं. ते मला स्वतः म्हणाले होते, “नौकरी गेली तवा रडू आलं न्हाई रे. माझ्यावाचून आकडे बराबर निघाले म्हून लोक हसले, तवा आलं.”

पण सही द्यायला ते गेले नाहीत. पंतांनी दोनदा निरोप धाडला होता.

१९४० सालच्या शिवरात्रीआधी आणखी एक अधिक महिना होऊन गेला होता. त्यामुळं शिवरात्र पुन्हा पुढं ढकलली गेली, ती नेमकी दोन फसली महिन्यांच्या सांध्यावर. कात्रीनं कापावी तशी जत्रा मधोमध कापली गेली. निम्मं माणूस फरवर्दीच्या शेवटच्या दिवसांत आलं, निम्मं उर्दीबेहश्त लागल्यावर.

त्या उर्दीबेहश्तच्या पहिल्याच सकाळी वाशीमहून आलेली एक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, नाक्यावर थांबली. सामान तपासेपर्यंत सावलीत बसावं म्हणून कडेवर लेकरू घेतलेली एक तरणी बाई लिंबाखाली आली. मामा पुटपुटत मोजत होते, ते ऐकून ती खुदकन हसली.

“काका, अजून तसंच मोजता का? ‘एक’ न म्हणता ‘लाभ’?”

खळ्यावर धान्य मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन. मामा माणसंही तशीच मोजायचे. त्यांना वेगळं मोजता येतच नव्हतं.

“तुला काय ठाऊक, माय?”

“तीन वर्षांखाली शिवरात्रीला आले होते ना मी. नवीन लग्न झालेलं, पहिल्यांदाच माहेरी निघालेले. त्या दिवशी सकाळची पहिली गाडी आमचीच. तुम्ही माझ्याकडं बोट करून म्हणालात, ‘लाभ’. मला इतकं बरं वाटलं! घरी पोचल्या पोचल्या बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून औंढ्याला अभिषेकाला गेलो, तेव्हा रस्ताभर बाबा मला ‘लाभ’ म्हणूनच हाका मारत होते.”

“बाबा कोन तुझे?”

“हिंगोलीच्या कचेरीत मोठे कारकून आहेत. विष्णुपंत. मी त्यांची अनुसूया.”

मामांनी जुनी वही काढली. ती त्यांच्या थैलीत कायम असायची. फसली १३४६, उर्दीबेहश्त, माघ वद्य द्वादशी. सकाळची पहिली नोंद, वाशीमची दमणी, बाया तीन, बुवा एक. त्यांनी वही मिटली, लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि दमणी हिंगोलीकडे वळेपर्यंत पाहत राहिले.

पुढच्या महिन्यात नेमसिंग रडवेला होऊन घरी आला. त्याच्या फरवर्दीत तीन हजार दोनशे दहाच भरले होते. हिंगोलीतून लेखी खुलासा मागितला होता. “दादा, माझी चार लेकरं हायेत. उर्दीबेहश्तातले अडीच हजार मागच्या महिन्यात सरकवून टाकू काय? कोन बघतं?”

खरं सांगतो, मामांच्या जागी मी असतो तर आधी या माणसाला चार शब्द ऐकवले असते. दोन वर्षं मामांची लाज निघाली ती याच्याच आकड्यांवर. मामांनी त्याला भिंतीपाशी नेलं.

“सरकवू नको. आज तू सरकवली की मी बी तवा सरकवलीच, असं म्हनतील. वही घे. उद्या दोघं जाऊ.”

निघताना मामी दारात आली. अनुसूयेची गोष्ट तिला कळली होती. “सांगनार हायसा का पंताला, का पुन्हा भल्यापनात ऱ्हानार?”

“कुनाच्या लेकीबाळीला कचेरीत वढू का?”

“तिनं काय चोरी केली? देवाला आली बिचारी. चोर त तुमाला म्हनतात.” आणि तिनं भाकरी बांधून दिली.

कचेरीत पंतांनी दोघांना एकदम आत येताना पाहिलं आणि काय ते ओळखलं. नेमसिंगनं दोन्ही महिन्यांचे आकडे ठेवले. मामांनी पाच सालांचा कागद त्यावर ठेवला, आणि नवमी ते अमावस्येच्या पाच बेरजांखाली बोट फिरवलं. सगळ्यात लहान पाच हजार चारशे ऐंशी, सगळ्यात मोठी पाच हजार सातशे. पाच साली, दोन माणसांनी मोजलेली, एकाच उंचीची जत्रा.

पंतांनी पाचही बेरजा पडताळून पाहिल्या. मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “नेमसिंगचं मी पाहतो. तक्त्यात तिथी लिहायची परवानगीही मागतो वर. तुम्हालाही परत घेतो, उकंडराव. फक्त त्या जुन्या फायलीसाठी एक ओळ हवी. माफी नको. ‘नजरचूक झाली,’ एवढंच लिहा. दोन शब्द. त्यात काय जातं तुमचं?”

मामांनी थैलीतून जुनी वही काढून उघडी केली आणि त्यांच्यापुढं सरकवली.

“ही पहिली वळ वाचा, पंत. वाशीमची दमणी. बाया तीन, बुवा एक. तुमच्या शेऱ्यात जी साडेपाच हजार खोटी माणसं हायेत ना, त्यातली ही पहिली चार. यातल्या पहिल्या बाईचं नाव अनुसूया. तिनं घरी येऊन तुमाला सांगितलंतं, मी तिला काय म्हनून मोजलं ते.”

विष्णुपंतांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं, ते नेमसिंगनं पाहिलं. नंतर गावात त्यानं ते शंभर जणांना सांगितलं.

“तुमाला तवाच ठाऊक व्हतं,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि दार लावून काही उपयोग उरला नव्हता, बाहेरचे मुन्शी उठून उभे राहिले होते. “तुमी तिच्या संगं औंढ्याला गेलता. गर्दीत उभे व्हते. आता माझ्याकडून लिवून घेऊन राहिले की कुनी आलंच न्हाई. लिवतो. पन आधी तुमी लिवा. लिवा की त्या शिवराती माझी लेक माहेरी आली न्हाई. तुमची सही करा. त्याखाली मी माझी करतो.”

त्यांनी दौत उचलून पंतांच्या हाताशी ठेवली.

विष्णुपंतांनी लेखणी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. मग जुनी फाईल ओढून स्वतःच्या शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘नोंद बराबर आहे.’ सही केली. तारीख घातली, फसलीही आणि तिथीही.

“उद्यापासून कामावर या,” ते खाली पाहतच म्हणाले.

“कामावर नेमसिंग हाय.”

“मग तीन वर्षं हा सगळा हट्ट कशासाठी, उकंडराव?”

मामांनी वही थैलीत घातली. “एवढ्या लांबून माणसं आलती, पंत. आलेल्या माणसाला आला न्हाई कसं म्हनू?”